ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी (संक्षेपाने जी.आय.पी. रेल्वे) ही मुंबईपासून दख्खन, खानदेश, वऱ्हाड व मध्य भारताकडे जाणारे लोहमार्ग बांधून चालवणारी खासगी ब्रिटिश कंपनी होती. १ ऑगस्ट १८४९ रोजी ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्यान्वये तिची स्थापना झाली. तिचे संचालक मंडळ लंडनमध्ये होते. भारतातील पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या मार्गावर याच कंपनीने चालवली. कंपनी खासगी असली, तरी तिच्या भांडवलावरील व्याजाची हमी सरकारने दिली होती व ती भारताच्या महसुलातून पाळली जात असे. या व्यवस्थेला ‘हमी पद्धत’ म्हणतात. सध्याचा मध्य रेल्वे विभाग हा मुख्यतः या कंपनीच्या मार्गांतून निर्माण झाला आहे.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाड व खानदेशातील कापूस बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून घाट उतरून मुंबई बंदरात येत असे. या प्रवासात बराच काळ जाई व मालाचीही नासाडी होई. १८४६ मध्ये अमेरिकेतील कापसाचे पीक बुडाले, तेव्हा लँकेशायरच्या गिरणीमालकांना भारतीय कापसाची निकड भासू लागली. मुंबईत जगन्नाथ शंकरशेट व सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या प्रतिष्ठित नागरिकांनी लोहमार्गाच्या कल्पनेस पाठिंबा दिला. मात्र अपरिचित देशातील अशा उपक्रमात निश्चित उत्पन्नाची खात्री मिळाल्याशिवाय पैसा गुंतवण्यास लंडनमधील भांडवलदार तयार नव्हते.

कराराचे स्वरूप

१७ ऑगस्ट १८४९ रोजी कंपनी व ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात करार झाला. प्रारंभी तो सुमारे ५६ किलोमीटरच्या प्रायोगिक मार्गापुरता होता. त्याच दिवशी बंगालमधील ईस्ट इंडियन रेल्वे कंपनीशीही तशाच स्वरूपाचा करार करण्यात आला. जी.आय.पी. कंपनीच्या कराराच्या प्रमुख अटी पुढीलप्रमाणे होत्या :

• लोहमार्गासाठी लागणारी जमीन सरकारने ९९ वर्षांकरिता विनामूल्य द्यावी.
• भागभांडवलावर दरसाल ५ टक्के व्याजाची हमी सरकारने द्यावी. उत्पन्न कमी पडल्यास तूट सरकारने भरून काढावी.
• हिशेबासाठी रुपयाचा दर १ शिलिंग १० पेन्स असा स्थिर धरावा.
• बांधकाम, खर्च व दर यांवर सरकारी देखरेख असावी. त्यासाठी लंडनच्या संचालक मंडळात एक सरकारी संचालक व भारतात सल्लागार अभियंते नेमले जात.
• २५ किंवा ५० वर्षांनंतर ठरावीक पद्धतीने किंमत देऊन मार्ग विकत घेण्याचा हक्क सरकारला असावा.
• कंपनीला सहा महिन्यांची सूचना देऊन मार्ग सरकारच्या हवाली करता यावा आणि गुंतवलेले भांडवल परत मिळावे.

शेवटच्या अटीमुळे भागधारकांच्या मुद्दलालाही संरक्षण मिळाले.

मार्गांचा विस्तार

जेम्स जॉन बर्कली हे कंपनीचे पहिले प्रमुख अभियंते होते. १८५४ मध्ये मार्ग कल्याणपर्यंत पोचला व १८५६ मध्ये घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत गेला. खंडाळा ते पुणे हा भाग १८५८ मध्ये सुरू झाला. घाटातील मार्ग पूर्ण होईपर्यंत खोपोली व खंडाळा यांदरम्यान प्रवाशांना पालखीतून किंवा तट्टूवरून जावे लागे.

बोरघाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले व १८६३ मध्ये पूर्ण झाले. सुमारे २५ किलोमीटरच्या या चढणीत २५ बोगदे असून चढ काही ठिकाणी ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र आहे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हे १८५९ मध्ये भारतात आल्यानंतर लवकरच मरण पावले. पुढे त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी अभियंते नेमून हे कंत्राट पूर्ण केले. १८६१ मध्ये घाटात सुमारे ४२,००० मजूर काम करत होते. पटकी, ज्वर, सुरुंगाचे अपघात व कडे कोसळणे यांमुळे मोठ्या संख्येने मजूर मृत्युमुखी पडले. १८६७ मध्ये याच घाटातील एक मोठा दगडी पूल कोसळला व बांधकामाच्या दर्जाविषयी प्रश्न उपस्थित झाले.

थळघाटाचा मार्ग १८६५ मध्ये खुला झाला. त्यानंतर १८६७ मध्ये नागपूर, १८७० मध्ये जबलपूर व १८७१ मध्ये रायचूर जोडले गेले. जबलपूर येथे ईस्ट इंडियन रेल्वेशी सांधा जुळल्याने मुंबई-कोलकाता असा सलग प्रवास शक्य झाला.

हमी पद्धतीवरील टीका

व्याज निश्चित असल्याने काटकसर करण्यास कंपनीला फारसे कारण उरत नाही, हा या पद्धतीवरील मुख्य आक्षेप होता. भारताचे माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांनी १८७२ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे याच आशयाची साक्ष दिली. तत्पूर्वीच, १८६९ च्या सुमारास, नवे मार्ग सरकारने स्वतः बांधण्याचे धोरण स्वीकारले होते.

जुन्या करारांतून मात्र सुटका झाली नाही. मूळ करारानुसार ५ टक्क्यांवरील नफ्यातून आधी सरकारने भरलेल्या व्याजाची परतफेड होणे अपेक्षित होते. १८६९-७० मधील तडजोडीने सरकारने या थकबाकीवरील हक्क सोडला, तसेच पहिल्या २५ वर्षांच्या अखेरीस, म्हणजे १८७४ मध्ये, मार्ग विकत घेण्याचा हक्कही सोडला. त्याबदल्यात वाढीव नफ्याचा अर्धा वाटा सरकारला मिळू लागला. परंतु प्रत्येक सहामाहीचा हिशेब स्वतंत्र धरला जाई. कापसाच्या हंगामातील सहामाहीत नफा झाल्यास त्याचा अर्धा भाग भागधारकांना मिळे, तर पुढील मंदीच्या सहामाहीतील तूट सरकारला भरावी लागे. पुढे चांदीचे मोल उतरून रुपयाचा प्रत्यक्ष दर घसरला, तरी कराराचा दर कायम राहिल्याने सरकारवरील बोजा वाढला.

दादाभाई नौरोजी यांनी परदेशी जाणाऱ्या या व्याजाचा समावेश संपत्तीच्या निःसारणात केला. गणेश व्यंकटेश जोशी यांनी रेल्वेवरील खर्च हे वस्तुतः ब्रिटिश उद्योगांना भारताने दिलेले साहाय्य आहे, असे प्रतिपादन केले. दुसऱ्या बाजूस, हमीशिवाय इतक्या लवकर एवढे भांडवल उभे राहिले नसते, असे या पद्धतीचे समर्थक म्हणत.

सरकारी खरेदी व विलीनीकरण

करारातील ५० वर्षांची मुदत संपल्यावर १९०० मध्ये सरकारने हे मार्ग विकत घेतले. किंमत एकरकमी न देता १९४८ पर्यंत वार्षिक हप्त्यांनी फेडण्याचे ठरले. त्याच वेळी इंडियन मिडलंड रेल्वे जी.आय.पी. रेल्वेत विलीन करण्यात आली. मालकी सरकारकडे आली, तरी व्यवस्थापन कंपनीकडेच ठेवण्यात आले. १९२०-२१ मधील अ‍ॅकवर्थ समितीच्या अनेक सदस्यांनी सरकारी व्यवस्थापनाची शिफारस केली. त्यानुसार ३० जून १९२५ रोजी कंपनीचा करार संपुष्टात आला. त्यापूर्वी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबई ते कुर्ला या बंदर मार्गावर भारतातील पहिली विद्युत रेल्वेगाडी धावली होती.

५ नोव्हेंबर १९५१ रोजी जी.आय.पी. रेल्वे व काही संस्थानी रेल्वे एकत्र करून मध्य रेल्वेची स्थापना झाली. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी रचना केलेली कंपनीची मुंबईतील इमारत म्हणजेच आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस होय. २००४ मध्ये युनेस्कोने तिचा जागतिक वारसा स्थळांत समावेश केला.