फॉरमॅट मारण्याआधी

मंडळी, या शनिवारी जरा जुना इतिहास उकरतोय. निमित्त आमच्या जालन्याचं.

२०२४ च्या जूनमध्ये सकाळी सकाळी पप्पांचा फोन आला. मोंढ्यात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. पाऊस झालेला, बियाण्याला गर्दी, आणि दुकानातला कॉम्प्युटर सुरूच होईना. काळी स्क्रीन, कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकतेय. मेकॅनिकने येऊन निकाल दिला, "फॉरमॅट मारावं लागेल." म्हणजे तीन वर्षांची उधारी मारायची! बॅकअप? तो मीच घेऊन देणार होतो, दिवाळीपासून. असो.

पुण्याहून रात्रीची गाडी पकडली. खिशात ८ जीबीचा पेनड्राइव्ह, त्यावर लिनक्स मिंट. सकाळी दुकानात तो लावला, एफ-१२ दाबून बूट मेनूत पेनड्राइव्ह निवडला. थोड्या वेळात डेस्कटॉप समोर. पप्पा गिऱ्हाईक सोडून आले. "डिस्क तर गेलीये ना? मग हे चालतंय कशावर?"

प्रश्न एकदम बरोबर होता. गंमत म्हणजे डॉसच्या काळात तो कुणाला पडलाच नसता. तेव्हा फ्लॉपी घालायची आणि मशीन सुरू करायचं. हार्ड डिस्क असलीच पाहिजे असं नव्हतं. पुढे सिस्टिम फुगत गेल्या, १.४४ एमबीच्या फ्लॉपीत मावेनात, आणि डिस्कवर जाऊन बसल्या. तेव्हापासून डिस्क गेली की कॉम्प्युटर गेला, असं आपण धरून चाललो.

१९९२ मध्ये इग्ड्रासिल नावाचं लिनक्स सीडीवरून चालायला लागलं, पण सुरुवातीला फ्लॉपीचा टेकू लागायचाच, कारण बायोसला सीडीवरून उठणं ठाऊक नव्हतं. तो टेकू काढायची युक्ती १९९५ मध्ये फिनिक्स आणि आयबीएम यांनी ठरवली. सीडीने बायोसला सांगायचं, "मी फ्लॉपीच आहे." बायोस बिचारा विश्वास ठेवतो! या पद्धतीचं नाव एल टोरिटो. हे एका हॉटेलचं नाव, कल्पना म्हणे तिथेच जेवताना सुचली.

मग २००० साली जर्मनीच्या क्लाउस क्नॉपरचं क्नॉपिक्स आलं. सुमारे दोन जीबीचा माल दाबून ७०० एमबीच्या सीडीत बसवलेला, आणि लागेल तेवढाच तुकडा उघडायचा. माझ्या मते त्याहून मोठं काम दुसरंच होतं. समोर कुठलं का मशीन असेना, त्याचं ग्राफिक्स कार्ड, साउंड कार्ड, नेटवर्क ते स्वतः ओळखायचं. नेहमीची सिस्टिम एकाच मशीनच्या ओळखीवर बसवलेली असते. ही परक्याच्या घरात शिरून दिव्याचं बटण शोधणारी.

पेनड्राइव्ह बाजारात आला तोही २००० मध्येच, पण आयबीएमने विकलेला पहिला फक्त ८ एमबीचा होता. त्यात काय मावणार! शिवाय यूएसबीवरून उठायला बायोस शिकेपर्यंत आणखी काही वर्षं गेली. पण पेनड्राइव्हकडे सीडीकडे नव्हती अशी एक गोष्ट होती, त्यावर लिहिता येतं. सीडीवरच्या सिस्टिममधले बदल रॅममध्ये राहायचे, बंद केलं की पुसले जायचे. पेनड्राइव्हवर मूळ सिस्टिम तशीच ठेवून बदल वेगळ्या थरावर लिहिता येतात. इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या तासाला मूळ शीटवर ट्रेसिंग पेपर ठेवायचो, अगदी तसं.

याचा सगळ्यात सुंदर उपयोग मला शाळेसाठी झालेला दिसतो. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट या वाडीतल्या छोट्या शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. त्यांना हार्ड डिस्क नव्हतीच. १ जीबीची फ्लॅश मेमरी आणि त्यावर शुगर नावाची मुलांसाठीची सिस्टिम. पण प्रत्येक मुलाला लॅपटॉप देणं किती शाळांना परवडणार? २००९ मध्ये शुगर लॅब्जने तीच शुगर १ जीबीच्या पेनड्राइव्हवर आणली. मुलाने शाळेतल्या कुठल्याही जुन्या पीसीला तो लावायचा, आपलं काम करायचं, आणि खिशात घालून घरी न्यायचं. मशीन कुणाचं का असेना, केलेलं काम त्याचंच. मी जालन्यात शाळेत होतो तेव्हा चौघांत एक कॉम्प्युटर होता, आणि माझी चित्रं दुसऱ्या दिवशी कुणीतरी पुसलेली असायची. त्यामुळे हे वाचून मला थोडं लागलंच.

हं, तर दुकान. डिस्क पूर्ण गेली नव्हती, फक्त सिस्टिम उठायचा भाग खराब झाला होता. ती फक्त वाचण्यापुरती उघडली, चुकूनही काही लिहिलं जाऊ नये म्हणून. फाइली दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवायला दुपार झाली. मधेच डिस्क टकटक करायची आणि माझ्या पोटात गोळा यायचा. पप्पा शेजारी उभे राहून नावं वाचत होते, "हा घनसावंगीचा आला... हा परतूरचा पण आला."

शेवटची फाइल, त्याच जूनची, उघडलीच नाही. त्या पंधरवड्याची उधारी पप्पांनी गल्ल्यातल्या चिठ्ठ्यांवरून लावली. दोन चिठ्ठ्या सापडल्या नाहीत. त्यातल्या एका शेतकऱ्याने दिवाळीत स्वतःहून येऊन पैसे दिले. दुसऱ्याचं नाव अजून आठवत नाहीये.