पावसाळ्यात कान्हा बंद. बरगीकडे वळणाऱ्या पर्यटकांसाठी माहिती

मध्य प्रदेशातील कान्हा, पेंच आणि बांधवगड या राष्ट्रीय उद्यानांचे गाभा क्षेत्र दरवर्षी १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात पर्यटकांसाठी बंद असते. उरलेल्या हंगामातही बुधवारी दुपारची सफारी होत नाही. नागपूरहून सकाळी निघून दुपारची फेरी गाठू पाहणाऱ्यांनी वार आधी पाहिलेला बरा.

पावसात कच्चे वनमार्ग चिखलमय होतात, नाले भरून वाहतात. कान्हातील सूर्यास्तासाठी प्रसिद्ध असलेले बम्हनी दादर हे पठार उद्यानाच्या आत असल्याने तेही या तीन महिन्यांत पाहता येत नाही. बफर क्षेत्रातील काही फेऱ्या मात्र रस्त्यांची स्थिती पाहून सुरू ठेवल्या जातात.

अशा वेळी जबलपूरला आलेल्यांना जवळचा पर्याय म्हणजे नर्मदेवरील बरगी धरण. त्याच्या जलाशयाला १८५७ च्या उठावातील रामगडच्या राणी अवंतीबाई लोधी यांचे नाव आहे. याच पाण्यामुळे मंडला, सिवनी आणि जबलपूर जिल्ह्यांतील १६२ गावे बाधित झाली; पर्यटनाच्या माहितीपत्रकांत त्यांचा उल्लेख क्वचितच येतो.

धरणाला २१ दरवाजे आहेत. जलाशय भरत आला की ते उघडले जातात आणि खालच्या बाजूच्या ग्वारीघाट, तिलवाराघाट व भेडाघाट येथे पाणी वेगाने चढते. त्यामुळे प्रशासनाचा इशारा पाहूनच घाटावर उतरावे. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधील नौकाविहार पावसाळ्यात बंदच असतो. धुआंधार धबधबा काठावरून पाहता येतो; मोठ्या पुरात तोही पाण्याखाली दिसेनासा होतो.