सुतावरून स्वर्ग

इंग्रजीतल्या 'क्लू' या शब्दाचा मूळ अर्थ सुताचा गुंडा. ग्रीक पुराणकथेत क्रीट बेटावरच्या भुलभुलैयात शिरणाऱ्या थीसिअसला आरिआड्नीने असा गुंडा दिला. तो उलगडत थीसिअस आत गेला आणि मिनोटॉर या राक्षसाला मारून त्याच धाग्याच्या आधाराने बाहेर आला. ही कथा इंग्रजीत रुळत गेली तसे 'क्लू'मधले सूत विरले आणि वाट दाखवणारी खूण एवढा अर्थ उरला. मराठीत ते सूत शाबूत आहे. चोरीच्या तपासात पोलिसांच्या हाती 'धागेदोरे' लागतात आणि शब्दकोड्यासोबत 'शोधसूत्रे' छापली जातात. 'सूत्र' हा शब्द शिवणे या अर्थाच्या 'सिव्' धातूकडे जातो, आणि त्याचाच झिजून 'सूत' झाला. सुतावरून स्वर्ग गाठणाऱ्याला आपण नावे ठेवतो. कोडे सोडवणाऱ्याचे मात्र ते कामच आहे. फक्त ते सूत खरोखर स्वर्गापर्यंत पोचणारे हवे, आणि ती जबाबदारी सूत्र रचणाऱ्याची.

या खेळाला दुसराही एक शब्द हवा, तो म्हणजे कूट. चित्रकूटातले कूट म्हणजे शिखर, अन्नकूटातले म्हणजे रास. पण जुन्या धर्मशास्त्रात आणि अर्थशास्त्रात 'कूटसाक्षी' म्हणजे खोटा साक्षीदार, 'कूटतुला' म्हणजे खोटा तराजू. कूटप्रश्नातले कूट याच घराण्यातले, कपटाचे. क्रिप्टिक म्हणजे कूट शब्दकोड्याच्या सूत्रात या कपटाला आणि त्या धाग्याला एकाच वाक्यात नांदावे लागते. कपट नसेल तर सूत्र समानार्थी शब्दाच्या पातळीवर उतरते. धागा नसेल तर ती निव्वळ फसवणूक.

शब्दकोडे जन्मले न्यूयॉर्कमध्ये, 'न्यूयॉर्क वर्ल्ड'च्या २१ डिसेंबर १९१३ च्या अंकात. आर्थर विन यांनी त्याला 'वर्ड-क्रॉस' म्हटले होते. छपाईत शब्दांची अदलाबदल झाली आणि 'क्रॉसवर्ड' नाव पडले. त्याला कूट केले ते इंग्लंडने. 'ऑब्झर्व्हर'मध्ये १९२६ पासून एडवर्ड पॉइस मॅथर्स 'टॉर्केमादा' या टोपणनावाने कोडी रचू लागले. स्पेनच्या धर्मन्यायालयाच्या क्रूर प्रमुखाचे हे नाव. १९३९ मध्ये ते वारल्यावर डेरिक मॅकनट आले, त्यांनीही तसलेच नाव घेतले, 'झिमेनीझ'. १९७२ पासून त्यांची गादी जोनाथन क्राउदर यांनी 'अझेड' या नावाने चालवली. हे 'देझा' या आणखी एका धर्मन्यायाधीशाचे नाव उलटे केलेले, आणि शिवाय इंग्रजी वर्णमालेचे पहिले व शेवटचे अक्षर. टोपणनावसुद्धा नीट बांधलेले सूत्र असू शकते, हे मला फार आवडते.

नावे छळणाऱ्यांची, पण मॅकनट यांनी १९६६ च्या आपल्या पुस्तकात नियम घालून दिले ते सोडवणाऱ्याच्या बाजूने. त्यांचा सारांश अझेडनी तीन गोष्टींत आणला: उत्तराची नेमकी व्याख्या, ते अक्षरांतून जुळवण्याची न्याय्य खूण, आणि याखेरीज काहीही नाही. याआधीच 'अफ्रीत' या रचनाकाराने सांगून ठेवले होते की सूत्राचे वाक्य वरवर भलतेच बोलले तरी चालेल, पण त्यातल्या शब्दांनी उत्तर चोख सांगितलेच पाहिजे. 'ऑब्झर्व्हर'च्या स्पर्धांत वाचकांना एक शब्द दिला जाई, ते सूत्र रचून पाठवत, आणि निकालपत्रकात परीक्षक आपली टिप्पणी करत. हे परीक्षण मला कोडे सोडवण्याइतकेच मोलाचे वाटते.

आपल्याकडे हा विचार जुना आहे. दंडीने 'काव्यादर्शा'च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकांचे, म्हणजे कोड्यांचे, सोळा प्रकार सांगितले आणि पूर्वाचार्यांनी चौदा 'दुष्ट' प्रहेलिकाही सांगितल्याची नोंद केली. म्हणजे कूटालाही दोष असतात आणि ते मोजता येतात, हे तेव्हाच मान्य होते. त्याची 'समागता' म्हणजे दोन शब्दांच्या संधीत अर्थ दडवणारी. त्याची 'वंचिता' म्हणजे शब्दाच्या दुसऱ्या रूढ अर्थाने चकवणारी. इंग्रजी रचनाकार आजही याच दोन युक्त्यांवर निम्मी लढाई जिंकतात.

मराठीत हे जमते का? करून पाहू. 'पणतीमागे सरकारी बोजा, रोज उगवणारा' (४ अक्षरे). वाचताना वाटते, दर पणतीला पट्टी बसली आणि ती रोज वाढते आहे. सोडवताना 'मागे' म्हणजे 'दर' हा अर्थ सोडून द्यायचा. पणती म्हणजे दिवा, त्याच्या मागे सरकारी बोजा म्हणजे कर. रोज उगवणारा दिवाकर. एकही शब्द फुकट नाही. हेच कुणी 'आनंदाने रोज उगवणारा' असे लिहिले तर मी गुण कापीन, कारण 'आनंदाने' कुठल्याच कामाचे नाही. ते फक्त सोडवणाऱ्याला भलत्या बोळात नेते.

दुसरे: 'सामान वरातीत दडवून बोहल्यावर उभा' (३). इथे आपली सप्तमी मदतीला येते. 'सामान वराती' या अक्षरांत पाहा: सामा-नवरा-ती. समागतेचीच ही धाकटी बहीण.

अक्षरांची उलथापालथ मात्र मराठीत बेताने करावी. इंग्रजीत प्रत्येक वर्ण सुटा फिरतो. आपल्या चौकटीत काना-मात्रेसकट अख्खे अक्षर बसते. 'नवरा' हलवून 'वानर' करणे म्हणूनच नियमबाह्य, कारण काना 'रा'वरून उचलून 'वा'वर नेता येत नाही. उलट 'नदी' फिरवून 'दीन', 'कडा' फिरवून 'डाक' हे रास्त. ही कमतरता श्लेष भरून काढतो. कर, मान, माळ, पान, वार, काळ: एकेका शब्दाला दोन-तीन संसार आहेत, आणि पदभंगाची सवय तर आपल्याला पंतकवींनी लावली आहे.

एवढी सामग्री असताना आपली बहुतेक शब्दकोडी अजून 'सूर्य (४)' याच्या पुढे जात नाहीत, याचे मला वाईट वाटते. दिवाळी अंकांच्या संपादकांना माझी विनंती आहे: एक शब्द द्या, वाचकांकडून सूत्रे मागवा, आणि निवडलेल्या सूत्रांबरोबर नाकारलेली सूत्रे का नाकारली तेही छापा. सुरुवातीला 'पाडवा' हा शब्द घेता येईल. त्यात 'पाड' आहे, 'वा' आहे. वाचकहो, तुम्हीही आजच बसून पाहा.