गिटारचे वय कोण सांगते?

१/ जिवती तालुक्यातील माणिकगडाचा इतिहास लिहिताना आपण दंतकथेपाशी थांबत नाही. दारावरचे नागशिल्पही पाहतो. ऑनलाइन विकत घेतलेल्या जुन्या इलेक्ट्रिक गिटारलाही हाच न्याय लावावा.

२/ ‘१९६२ची आहे’ हे विक्रेत्याचे विधान म्हणजे ऐकीव साधन. अस्सल पुरावा आत असतो. अमेरिकी गिटारमध्ये आवाजाच्या बटणाखालील सुट्या भागावर बहुधा आकडे असतात. उदाहरणार्थ १३७६६३३ : १३७ ही सीटीएस कंपनीची खूण, ६६ म्हणजे १९६६, ३३ हा आठवडा.

३/ यावरून गिटार १९६६ची ठरत नाही. तो भाग मूळचा असेल, तर ती त्याआधीची नाही, एवढेच ठरते. म्हणून तारांचे सोल्डरिंग नंतर छेडलेले आहे का, हेही पाहावे.

४/ कारखान्याबाहेर घडलेल्या वाद्याचे काय? हिंदी चित्रपटसंगीतातील वादक वॅन शिपली यांची आठ तारांची इलेक्ट्रिक गिटार त्यांच्याच कल्पनेतून घडली होती. अशा वाद्याची ओळख पटवायला अनुक्रमांकांची यादी उपयोगी नाही. तिथे ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवरील छायाचित्रे हेच दफ्तर.

५/ म्हणून जुने वाद्य हाती येताच आधी छायाचित्रे घ्या, मग फडके. उत्साहाने केलेले एक पॉलिश पन्नास वर्षांचा पुरावा पुसून टाकते.