भरली कोठी, थंड डोकं

‘उंदीर पडनात’ एवढी बातमी गावात फिरली, की दिवस मावळायच्या आत बैलगाड्या जुंपल्या जायच्या, असं माझी आजी सांगायची. तिनं प्लेगच्या शेवटच्या साथी स्वतः पाहिल्या होत्या. आधीच्या मोठ्या साथींच्या गोष्टी तिला सासूकडून मिळाल्या होत्या. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला आणि त्यानंतरच्या महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून निघाले. त्यांची एक वाट चाळीसगाव, जळगाव, भुसावळवरून जाणारी. जळगाव आणि धुळे तेव्हा एकाच खान्देश जिल्ह्यात होते. १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. ज्या आगगाडीनं इथला कापूस मुंबईला जायचा, तिच्याच वाटेनं आता भीती आली आणि पाठोपाठ आजारही.

गाव रानात जायचं तेव्हा गाडीत काय काय असायचं, ते आजीला पाठ होतं. ज्वारी, उडीद, मीठ, सुकी मिरची, गूळ, तेलाचा बुधला, दोन मडकी, तवा. सोनंनाणं आधीच पुरलेलं. मळ्यात पऱ्हाट्यांच्या भिंती आणि वर कडब्याचं छप्पर. एक घर एकीकडे, दुसरं हाकेच्या अंतरावर. गावात परत कधी जायचं, हे म्हातारी माणसं ठरवत. घाई कुणी करत नसे.

हे शहाणपण कुठल्या पुस्तकातून आलेलं नव्हतं. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरानं दाखवून दिलं, की प्लेग पसरतो तो उंदराच्या पिसवांमधून. उंदीर मेला की पिसवा नवं अंग शोधतात, म्हणून उंदीर पडू लागताच घर सोडणं हा खरोखर जीव वाचवणारा उपाय होता. आमच्या पणजीला पिसवांचं काही ठाऊक नव्हतं. तिनं इतकंच पाहिलं होतं, की जे लवकर निघाले ते जगले आणि जे सामानाच्या मोहात थांबले त्यांच्या घरांना कुलपंच राहिली.

आणि इथंच साठ्याची गोष्ट येते. मांडवी हा धान्याच्या गोदामांचा भाग होता. जिथं धान्य, तिथं उंदीर, आणि त्या वर्षांत जिथं उंदीर तिथं मरण. म्हणून आजीच्या घरी धान्य भरायचं ते मोजून आणि झाकून. कणगी शेणामातीनं लिंपलेली, आत निंबाचा पाला, तोंड चिखलानं बंद. जुनं संपल्याखेरीज नव्याला हात नाही. उन्हाळ्यात धाब्यावर बिबड्या आणि कुरडया वाळायच्या, आखाजीच्या आधी डाळी भरडून व्हायच्या. साथ येवो न येवो, हे दरवर्षीचं काम. त्यामुळे साथ आली तेव्हा बाजाराकडे धावायची गरजच पडली नाही. आजीचं शांत राहणं हा काही तिचा स्वभाव नव्हता. वैशाखात केलेल्या कष्टांची ती कमाई होती.

सरकारनं मात्र शांततेची वाट सोडली होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. पुण्यात सोजिरांनी घराघरांत शिरून तपासण्या केल्या आणि त्या वर्षी २२ जूनला या तपासण्यांचा प्रमुख अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच पुण्याजवळ सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी गेल्या. धाकानं लोक आजारी माणसाला लपवतात आणि विश्वासानं त्याला बाहेर आणतात, हे त्या एका वर्षानं शिकवून ठेवलं.

नंतर १९१८ आलं. त्या वर्षी पाऊस रुसला, धान्य महागलं आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास मानमोडी आली. जगभर फिरलेला तो इन्फ्लुएंझा हिंदुस्थानात कोटीहून अधिक माणसं घेऊन गेला. त्यात धडधाकट, कमावत्या वयाची माणसंही फार गेली. आजी तेव्हा लहान होती. तिच्या आठवणीत एक घर पक्कं बसलं होतं: कणगी गळ्यापर्यंत भरलेली आणि घरातले सगळे तापानं पडलेले. दळायला हात नाही, पाणी आणायला पाय नाहीत. समोरच्या घरची बाई रोज ज्वारीच्या कण्यांची पेज करून उंबऱ्यावर ठेवायची, हाक मारायची आणि मागं सरायची. त्या घरातली दोन पोरं त्या पेजेवर वाचली. धान्य हा साठ्याचा अर्धाच भाग. आजारपणात ते शिजवून देणारं माणूस हा उरलेला अर्धा. आजी ही गोष्ट सांगून झाली की म्हणायची, “घाबरना तो गया.” पण हे म्हणताना ती कधी हातावर हात धरून बसलेली मी पाहिली नाही. तिच्या लेखी न घाबरणं म्हणजे कामाला लागणं.

त्याचा अर्थ मला कळला सप्टेंबर १९९४ मध्ये. आधी बीड जिल्ह्यातून प्लेगच्या बातम्या आल्या, मग सुरतेहून. सुरत म्हणजे खान्देशाचं दुसरं घरच. उधना, लिंबायतच्या लूमवर आमच्या गावागावांतली पोरं राबतात. भीतीनं सुरत रिकामी होऊ लागली आणि नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव या मार्गानं भरभरून गाड्या येऊ लागल्या. इकडे लोकांनी टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूलवर उड्या टाकल्या. ज्यांनी रुग्ण पाहिलाही नव्हता त्यांच्या कपाटात पाकिटं आणि ज्यांना डॉक्टरांनी लिहून दिली ते दुकानोदुकानी फिरतायत. हे औषध प्रतिबंधासाठी द्यायचं ते रुग्णाच्या सहवासात आलेल्यांना. बाकीच्यांच्या खिशात ते नुसतंच जुनं होत जातं.

माझे काका कुटुंबासह सुरतेहून अशाच एका गाडीनं आले. गावात कुजबुज सुरू होती. आजीनं दारातच विचारलं, “ताप कोणाला आहे का रे?” मग खळ्यातली खोली झाडून दिली, कपडे उकळत्या पाण्यात घातले, तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवून आणायला सांगितलं आणि भाकरीचं ताट खोलीच्या उंबऱ्यावर ठेवलं. कोणी हाकललं नाही की कोणी गळ्यातही पडलं नाही. त्या साथीत सुरतेत पन्नासच्या आसपास माणसं दगावली. भीतीनं घर सोडलेल्यांची संख्या मात्र लाखांत होती. पुढं त्याच सुरतेनं कचरा उचलून, गटारं साफ करून स्वतःची ओळख बदलली. साथीवरचं टिकाऊ औषध तिथं सापडलं.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत हे सगळं पुन्हा घडलं. टाळेबंदी जाहीर झाली त्या रात्री किराणा दुकानांपुढं रांगा लागल्या. मास्क आणि सॅनिटायझर इतके गायब झाले, की केंद्र सरकारला ते जीवनावश्यक वस्तूंत घालावे लागले. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन लोकांनी विकत घेऊन ठेवलं आणि संधिवाताच्या रुग्णांना त्यांच्या नेहमीच्या गोळ्या मिळेनात. २०२१ च्या उन्हाळ्यात रेमडेसिव्हिरसाठी माणसं जिल्हा ओलांडून धावली. ते औषध रुग्णालयातल्या रुग्णांना सरसकट देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्येच सुचवलं होतं. आणि ज्यांचं पोट रोजच्या मजुरीवर, ते दुकानात पोचेपर्यंत फळ्या रिकाम्या. महिन्याला माणशी पाच किलो मोफत धान्यानं अनेक चुली पेटत्या राहिल्या.

म्हणून आजीचा हिशेब मी आजच्या भाषेत मांडतो. घरात दोन-तीन आठवड्यांचं धान्य, डाळ, तेल, मीठ, साबण. साखरेच्या, रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून महिनाभराच्या. थर्मामीटर, तापाची साधी गोळी, जुलाबासाठी मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं. ती नसतील तर लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि तसाच अर्धा चमचा मीठ. डॉक्टरांनी न लिहिलेली प्रतिजैविकं नकोत, कुणाच्या श्वासाला लागेल तो ऑक्सिजनचा सिलिंडर नको. हे सामान बाजार शांत असताना, दर खेपेला थोडंथोडं जादा आणून जमवावं. म्हणजे बाजार बिथरतो त्या दिवशी आपण रांगेत नसतो आणि आपली जागा ज्याला आज पहिल्यांदा गरज पडली आहे त्याला मिळते.

आणि एक ओळ त्या यादीत मी घालतोच: गल्लीतलं कोण एकटं राहतं, कोणाची चूल मजुरीवर चालते, कोणाला डायलिसिसला जावं लागतं. त्यांचे फोन नंबर, आणि त्यांच्या दारात ताट कोण ठेवणार त्याचं नाव. हे नाव साथ येण्याआधी ठरलेलं असलं, तर खान्देशातलं कुठलंही गाव पुढच्या साथीला डोकं थंड ठेवून सामोरं जाईल.