हातात फुल हाउस, डोळ्यांवर झोप

घरात माझ्या घोरण्याला 'ट्रॅक्टर' म्हणतात. ऑफिसात सकाळच्या मीटिंगमध्ये डुलकी लागली की मी 'कुंभकर्ण'. अठ्ठाविसाव्या वर्षी झोपेची तपासणी केली तेव्हा कळलं, की रात्री तासाला चौतीस वेळा माझा श्वास अडतो किंवा मंदावतो, आणि तेही दरवेळी निदान दहा सेकंद. अहवाल वाचून मी इंजिनिअरला शोभेल असंच वागलो. हा बग आधी कुणाकुणाला दिसला होता, ते शोधत बसलो.

त्याची सगळ्यात प्रसिद्ध नोंद चक्क एका विनोदी कादंबरीत आहे. डिकन्सची 'पिकविक पेपर्स' १८३६-३७ मध्ये हप्त्याहप्त्यानं छापली जात होती. तिच्यात जो नावाचा एक लठ्ठ पोऱ्या आहे. तो काम करता करता झोपतो, उभ्या उभ्या घोरतो. एकदा तो वकिलाचं दार ठोठावतच राहतो, कारण हात थांबला तर याला झोप लागेल अशी मालकाला धास्ती. वाचक हसले, आणि पुढे शंभरेक वर्षं हसतच राहिले.

१९५६ साली बरवेल आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी अमेरिकेतला एक रुग्ण नोंदवला. वय ५१, वजन एकशेवीस किलोच्या आसपास. दर आठवड्याला पोकर खेळणाऱ्या या गृहस्थाच्या हातात एकदा तीन एक्के आणि दोन राजे आले, आणि त्याला झोप लागली. हातचा डाव गेला, तेव्हा कुठे तो रुग्णालयात दाखल झाला. डॉक्टरांनी आजाराला डिकन्सवरून 'पिकविकियन सिंड्रोम' असं नाव दिलं आणि रुग्णाला दिवसाला ८०० कॅलरींवर ठेवलं. वजन उतरलं, पेंग गेली. पण तो रात्री कसा झोपतो, याचं रेकॉर्डिंग कुणी केलं नाही.

ते झालं १९६५ मध्ये. मार्सेमध्ये गॅस्टो यांच्या गटानं आणि जर्मनीत युंग व कूलो यांनी रात्रभर मेंदूचे आणि श्वासाचे आलेख घेतले. घसा मिटतो, छाती झगडत राहते, मेंदू क्षणभर जागा होतो, एक श्वास येतो, आणि पुन्हा तेच. म्हणजे दिवसा पेंगणारा माणूस आळशी नव्हता. तो रात्रभर झोपलेलाच नसायचा!

उपाय मात्र भयंकर होता. मानेला भोक पाडून नळी बसवायची. जून १९८० मध्ये सिडनीत एक रुग्ण त्याला राजी होईना. कॉलिन सलिव्हननी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरनं त्याच्या नाकात हवा सोडली. मास्क चेहऱ्याला चिकटवलेला. तो माणूस रात्रभर गाढ झोपला. आज माझ्या उशाशी असलेलं सीपॅप मशीन त्याच मोटरचं नातवंड.

मी संध्याकाळची बिअर सोडली, जेवण आठला आणलं, कुशीवर झोपायला शिकलो. नऊ किलो कमी झाल्यावर आकडा चौतीसचा एकोणीस झाला. वजन उतरवा हा सल्ला खराच आहे. पण मशीनमुळे दोन महिने नीट झोपलो, तेव्हा कुठे सकाळी चालायला जायचं बळ आलं. हा क्रम मला कुणी सांगितला नव्हता.

बाबांचं बीपी तीन गोळ्यांनीही आटोक्यात नाही. सिग्नलला स्कूटरवर त्यांचे डोळे मिटतात. "आपल्या घराण्यातच घोरणं आहे रे," म्हणून ते तपासणी टाळतात. रविवारी रमीच्या डावाला बसण्याआधी त्यांना पोकरवाल्याची गोष्ट सांगितली.

पानं लावता लावता ते थांबले. "तीन एक्के होते, आणि झोपला?"

शनिवारची वेळ घेतली आहे.