बेरजेतून दिसलेली रेषा

मंडळी, आज बेरजेची गोष्ट सांगायची आहे. बेरीज साधीच, पण ती कशी केली यावर एक मोठा वाद उभा राहिला.

क्ष-किरण वातावरणात शोषले जातात, म्हणून हे शास्त्र अवकाशात गेल्यावरच सुरू झालं. १९६२ साली रिकार्डो जिआकोनी यांच्या गटाने अग्निबाण सोडून वृश्चिक राशीतला स्रोत शोधला. पुढे दुर्बिणी सुधारल्या, पण अडचण राहिलीच: फोटॉन फार थोडे. समजा, वर्णपटाच्या एका खणात चारच फोटॉन आले. अनिश्चितता वर्गमुळाइतकी, म्हणजे दोन. म्हणजे निम्मी! अशा दहा फाइली एकत्र केल्या की चाळीस फोटॉन होतात, आणि अनिश्चितता सोळा टक्क्यांवर येते. बेरजेचा मोह पडतो तो इथे.

जपानच्या १९९३ सालच्या आस्का उपग्रहावर चार दुर्बिणी होत्या. एका निरीक्षणातून चार वर्णपट मिळत. असे वर्णपट जोडायला नासाच्या एफटूल्स संचात आज्ञा आहेत. ‘ॲडस्पेक’ त्यातलीच. फाइलींची नावं एका साध्या यादीत लिहायची आणि टर्मिनलवर आज्ञा द्यायची.

आता बघा, फोटॉन मिळवणं सोपं आहे. पण प्रत्येक डिटेक्टरचा प्रतिसाद वेगळा. कुठला फोटॉन कुठल्या खणात पडेल, हे उपकरण ठरवतं. म्हणून ही आज्ञा प्रतिसादांच्या फाइलीही भार देऊन एकत्र करते, पार्श्वभूमी वेगळी जोडते. मात्र दोन निरीक्षणांच्या मधे स्रोतच बदलला असेल, तर ते तिला कळत नाही.

२०१४ साली इस्रा बुलबुल आणि सहकाऱ्यांनी एक्सएमएम-न्यूटन दुर्बिणीने पाहिलेल्या ७३ दीर्घिकासमूहांचे वर्णपट जोडले. पण आधी प्रत्येक समूहाची ताम्रसृती काढून टाकली. का? दोष उपकरणात असता तर तो एकाच ऊर्जेवर बसलेला असता, आणि वर्णपट सरकवल्यावर विरून गेला असता. आकाशातली रेषा मात्र जुळून वर येते. तशी एक फिकट रेषा आली, ३.५ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जवळ. बोयार्स्की यांच्या गटालाही ययाती समूहात आणि देवयानी दीर्घिकेत ती दिसली. कृष्ण पदार्थाचा कण फुटतोय की काय? सगळीकडे खळबळ उडाली.

मग २०१६ साली जपानचा हितोमी उपग्रह गेला. काही आठवड्यांतच तो निकामी झाला, पण तेवढ्यात त्याने ययाती समूह पाहून ठेवला होता. त्याचं ऊर्जाभेदन कितीतरी पट सूक्ष्म होतं. या समूहात जेवढी तेजस्वी रेषा सांगितली गेली होती, तेवढी त्याला दिसली नाही. २०२० साली डेसर्ट, रॉड आणि सफडी यांनी एक्सएमएमच्याच सुमारे तीन कोटी सेकंदांच्या जुन्या निरीक्षणांत रेषा शोधली. त्यांनी वर्णपट एकत्र मिसळले नाहीत. प्रत्येक निरीक्षण वेगळं तपासून निष्कर्ष जोडले. रेषा मिळाली नाही. त्यांच्या पद्धतीवरही आक्षेप आले, आणि वाद पूर्ण मिटलेला नाही.

यातून घ्यायचं ते एवढंच. फाइली जोडल्या की चित्र स्पष्ट दिसतं, पण कुठली रेषा कुठल्या निरीक्षणातून आली, हे पुसलं जातं. म्हणून जोडलेला वर्णपट बघायला वापरा. दावा करताना मूळ फाइली एकेक करून, पण एकाच वेळी, प्रारूपाशी ताडून पाहा. आणि मूळ फाइली जपून ठेवा. पुढचा माणूस तुमची बेरीज तपासणार आहे.